‘आरओएम नॉर्मल, पॉवर पाच’ लिहिण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे: बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हेड-टू-टो तपासणीत छाती, पोट जमतं, पण हाडं-सांधे-स्नायूंपाशी आलं की गोंधळ होतो. नेमकं काय बघायचं, कुठल्या क्रमाने, आणि वॉर्डात तीस पेशंट असताना त्यातलं किती करायचं? शेवटी सगळ्यांच्याच पेपरवर ‘आरओएम नॉर्मल, पॉवर ५/५’ (सांध्यांची हालचाल ठीक, स्नायूंची ताकद पूर्ण) लिहिलं जातं.

माझ्या लेकीच्या वयाची असशील, म्हणून ‘तू’ म्हणते. नोकरीला सव्वीस वर्षं झाली, त्यातली सोळा ऑर्थो, म्हणजे हाडांच्या वॉर्डात गेली. तुझं शेवटचं वाक्य वाचून हसू आलं, कारण तो शिक्का मीही शेकडो पेपरांवर मारलाय. एकदा चांगलाच महागात पडला. ते पुढे सांगते.

क्रम तुला शिकवलेलाच बरोबर आहे. आधी विचारायचं, मग बघायचं, मग हात लावायचा, मग हलवायचं, शेवटी ताकद. अ‍ॅलन अ‍ॅपली नावाच्या ब्रिटिश सर्जनने ‘लुक, फील, मूव्ह’ हे तीन शब्द जगभरच्या ऑर्थोच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी बसवले, तेच आपणही करतो. गोंधळ क्रमाचा नसतोच. आपण हे कशासाठी करतोय तेच कुणी सांगितलेलं नसतं, तिथे अडतं. डॉक्टर निदान शोधतात. आपण फरक शोधतो: डाव्या-उजव्यातला आणि कालच्या-आजच्यातला. दुसरा फरक दिसायचा तर काल कुणीतरी नीट लिहून ठेवलेलं पाहिजे. ‘नॉर्मल’ या शब्दाशी उद्या सकाळची सिस्टर कशाची तुलना करणार?

तपासणी पेशंट खाटेवर येण्याच्या आधीच सुरू होते. तो दारातून चालत येतो तेव्हा टीपीआरचा (ताप, नाडी, श्वास मोजायचा) ट्रे खाली ठेव आणि नुसतं बघ. दुखऱ्या पायावर कमी वेळ टेकून पटकन दुसरा पाय टाकतो का? पाऊल नीट उचलता येत नाही म्हणून गुडघा उंच उचलून चालतो का, चप्पल फटक फटक वाजते का? चालताना एका बाजूला झोके घेतो का? एका पायावर उभं केल्यावर उचललेल्या पायाकडचा खुबा खाली गेला तर दोष टेकलेल्या पायाच्या बाजूचा, ही ट्रेन्डेलेनबर्गची खूण परीक्षेत हमखास विचारतात आणि मुलं हमखास उलटं सांगतात. चपलाही उलटून बघ. एकाच बाजूची टाच झिजलेली असेल तर चाल किती दिवसांपासून बिघडलीय ते चप्पलच सांगते. म्हाताऱ्या माणसांसाठी घड्याळ लाव. हाताच्या खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरून खाटेचे कठडे, संडासापर्यंतची सोबत, रात्रीचा दिवा, सगळं त्याच दिवशी लावून घ्यायचं. याला उपकरण लागत नाही, डॉक्टरांची ऑर्डरही लागत नाही.

आता विचारणं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण विद्यार्थी सर्वांत जास्त इथेच गमावतात. ‘दुखतं का?’ ‘हो.’ ‘किती? शून्य ते दहात सांगा.’ ‘दहा.’ संपलं. आपल्या माणसांकडे दुखण्याला किती शब्द आहेत ते ऐक तरी. ठणका म्हणाले तर आत काहीतरी भरलंय, सूज आहे, पू आहे नाहीतर ताजं फ्रॅक्चर आहे; रात्री वाढतो का ते विचार. कळ किंवा चमक म्हणाले आणि हाताने कमरेपासून पोटरीपर्यंत रेघ ओढून दाखवली तर नस दबल्याची शंका घ्यायची. मुंग्या, बधिरपणा, ‘पाय लाकडासारखा झालाय’, ‘चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही’ असं बोलले की आधी साखर विचार. आखडतं, धरतं, गोळा येतो, लचक भरली, उसण भरली, अवघडलंय, यातला एकेक शब्द वेगळा आहे. पेशंटचाच शब्द अवतरणात लिहून ठेव, इंग्रजी करत बसू नकोस. फक्त ‘शीर’ या शब्दाला जपून. आपल्याकडे रक्तवाहिनी, नस, स्नायूबंध, सगळ्यालाच शीर म्हणतात. ‘शीर आखडलीय’ म्हणाले की ‘एका बोटाने जागा दाखवा’ असं सांगायचं. बोट एकाच ठिकाणी नेमकं टेकलं तर वेगळं, आणि अख्खा पंजा कमरेवरून फिरवला तर वेगळं. ‘वात आहे हो’ हे पेशंटने स्वतःच केलेलं निदान असतं. मान डोलवायची आणि पुढचे प्रश्न तरीही विचारायचे.

सांध्यांच्या पेशंटला एक प्रश्न विचारल्याशिवाय सोडायचं नाही: ‘सकाळी उठल्यावर बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो?’ दहा-पंधरा मिनिटांत मोकळी होत असतील तर बहुधा झीज. चहा होऊन, आंघोळ होऊन, तास उलटला तरी मूठ वळत नसेल आणि दोन्ही हातांची मनगटं आणि बोटांची मुळं सुजलेली असतील तर रूमॅटॉइड संधिवाताचा संशय घ्यायचा. नखाजवळच्या पेरावर कडक गाठी असतील तर त्या झिजेच्या. रूमॅटॉइड सहसा ते पेर सोडून देतो. पायाचा अंगठाच लालभडक, पांघरुणाचा स्पर्शही नको वाटतो, असं असेल तर गाउट, म्हणजे युरिक अ‍ॅसिडचा संधिवात. आणि ताप येऊन गेलाय का, घरात आणखी कुणाचे सांधे धरलेत का, हे विचार. महाराष्ट्रात १९७३ साली बार्शीला चिकुनगुनियाची साथ आली होती, २००६ साली तर राज्यभर पसरली. ताप चार दिवसांत जातो, सांधे महिनोन्‌महिने छळतात.

मग रोजचं काय अडतं ते विचार. पुस्तकातले प्रश्न खुर्चीवर बसणाऱ्या, कमोड वापरणाऱ्या माणसासाठी लिहिलेले असतात. पुस्तकात गुडघा १३५ अंश वाकतो म्हणून लिहिलंय. आपल्या गावाकडच्या संडासावर उकिडवं बसायला तेवढा किंवा त्याहून जास्त वाकावा लागतो. म्हणजे ‘१२० अंश, बऱ्यापैकी’ असं ज्याला तू लिहिशील तो माणूस घरी सकाळच्या विधीलाच अडकलेला असतो. मांडी घालून बसता येतं का, यात खुबा आणि गुडघा दोन्ही एका प्रश्नात तपासले जातात. बायकांना विचार, वेणी घालता येते का, ब्लाउजचं मागचं हूक लावता येतं का, निऱ्या खोचता येतात का. पुरुषांना विचार, पँटच्या मागच्या खिशातलं पाकीट काढता येतं का. खांदा धरलेल्या माणसाला ही कामं सगळ्यात आधी बंद होतात. भाकरी थापताना, कपडे पिळताना अंगठ्याच्या मुळाशी दुखतं का? हंडा कुठल्या कुशीवर घेता? मुंबईच्या पेशंटला विचार, लोकलच्या दांड्याला लटकता येतं का. ही उत्तरं पेपरवर जशीच्या तशी उतरव. महिन्याभराने तोच माणूस ‘आता वरचं कपाट उघडता येतं’ म्हणाला की सुधारणा किती झाली ते कुणालाही कळतं.

बघण्याबद्दल एकच आग्रह धरते, दोन्ही बाजू उघड्या पाहिजेत. सलवार गुडघ्यापर्यंत सारून खुबा तपासता येत नाही, आणि एकच गुडघा उघडा ठेवून सूज कळत नाही. पडदा ओढ, चादर घे, बाई असेल तर मावशींना शेजारी उभं कर आणि मग नीट उघडं कर. लाजेखातर अर्धवट केलेली तपासणी कुणाच्याच कामाची नाही. मला विचारशील तर सगळ्यात चांगली तपासणी स्पंजिंग करताना, म्हणजे खाटेवरच अंग पुसताना होते. तेव्हा पेशंट आपोआप उघडा असतो, कुशीवर वळतो, हात वर करतो, पाय उचलतो. कोण मदतीशिवाय वळतं, कोण वळताना श्वास रोखतं, माकडहाडावर लाली आलीय का, सगळं दिसतं. तीस पेशंटांत वेळ कुठून काढायचा याचं माझ्याकडे एवढंच उत्तर आहे: वेगळा वेळ काढूच नकोस, जे काम करतेयस त्यातच बघ.

पडून आलेली आजी असेल आणि एक पाय आखूड, पाऊल बाहेरच्या बाजूला कललेलं दिसलं, तर तिथेच थांब. मांडीच्या हाडाची मान मोडल्याचं ते चित्र आहे. ‘आजी, पाय उचला बघू’ असं म्हणायचं नाही. उलट गाडीच्या अपघातात गुडघ्यावर आपटलेला तरुण, पाय आखूड पण आत वळलेला, खुब्यात वाकलेला, म्हणजे खुबा मागे निसटल्याची शक्यता. दोघांच्या बाबतीत आपलं काम पाय न हलवता नाडी, बोटांची हालचाल आणि संवेदना बघून लिहिण्याचं आहे. मानेला मार लागलेला असेल तर मान फिरवून बघायची कल्पनाही नको.

टेपचा उपयोग शिक. मांडी बारीक झालीय असं नुसतं लिहिलं तर कुणी मानत नाही. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून दहा सेंटिमीटर वर पेनाने खूण कर, तिथला घेर दोन्ही बाजूंना मोज आणि लिही. पोटरीसाठी नडगीच्या वरच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली. ऑपरेशननंतर एकच पोटरी तीन सेंटिमीटरहून जास्त मोठी झाली असेल, दाबल्यावर दुखत असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, लगेच कळवायचं. आणि नातेवाइकांना सांगायचं, तेल लावून पाय चोळू नका. आपल्याकडे मायेची पहिली खूण म्हणजे पाय चोळणं. मी एका सुनेच्या हातातून तेलाची बाटली अक्षरशः काढून घेतली होती, तेव्हा ती दुखावली; नंतर समजावल्यावर पटलं. हे सांगताना जरा गोडीत सांग.

पायाची लांबी मोजायची ती कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत. त्याआधी दोन्ही खुबे एका रेषेत आणायचे, नाहीतर नुसती टेपचीच कसरत होते.

हात लावण्याआधी हात चोळून गरम कर, जानेवारीत तर नक्कीच. उष्णता हाताच्या पाठीने बघायची, तळव्याने नाही. निरोगी गुडघा मांडीपेक्षा आणि पोटरीपेक्षा किंचित गार लागतो, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला गंमत वाटली होती. म्हणजे गुडघा आजूबाजूच्या इतकाच कोमट लागला तरी तो ‘गरम’ झालेला असू शकतो. दुखऱ्या जागेपासून लांब सुरुवात करून जवळ यायचं, आणि डोळे पेशंटच्या चेहऱ्यावर ठेवायचे. आपण बोटांकडे बघत बसतो आणि कपाळावरची आठी निसटते. खेड्यातून आलेले म्हातारे विचारल्यावर ‘नाही दुखत’ म्हणतात. सिस्टरला त्रास कशाला, असा त्यांचा संकोच. चेहरा खोटं बोलत नाही. पडलेल्या माणसाच्या मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी, अंगठा ताणल्यावर जो खळगा दिसतो तिथे दाबून दुखलं तर एक्स-रे स्वच्छ असला तरी लिही आणि कळव. तिथलं छोटं हाड मोडलेलं पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही.

हलवताना आधी पेशंटला स्वतः हलवू दे. त्याला जमलं नाही तर मगच तू हलव, आणि कुठल्या अंशाला दुखायला लागलं ते बघ. दोन्हीतला फरकच खरी माहिती देतो. स्वतः हात उचलता येत नाही पण तू उचललास तर पूर्ण जातो, म्हणजे स्नायू, स्नायूबंध किंवा नस. स्वतःही नाही आणि तुझ्याकडूनही नाही, म्हणजे सांधाच आखडलाय. मधुमेही माणसाचा खांदा बघताना कोपर अंगाला चिकटवून पंजा बाहेर फिरवायला लाव. खांदा आखडू लागला की हीच हालचाल सहसा आधी जाते, हात वर उचलणं बरंच नंतर. ऑपरेशन झालेला पेशंट असेल तर किती हलवायची परवानगी आहे ते नोटमध्ये वाचल्याशिवाय हात लावू नकोस. खुबा बदलताना मागच्या बाजूने चीर घेतली असेल तर नव्वद अंशांच्या पुढे खुबा वाकवणं, मांडी घालणं, पायावर पाय टाकणं बंद. आजींना हे सांगणं सोपं नाही, कारण त्या आयुष्यभर जमिनीवरच जेवल्या आहेत.

आता ताकद, म्हणजे पॉवर. शून्य ते पाच ही पट्टी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने दुसऱ्या महायुद्धात, नसांना इजा झालेल्या सैनिकांसाठी रूढ केली. त्याआधी अमेरिकेत पोलिओच्या मुलांसाठी अशीच पट्टी वापरात होती. म्हणूनच तिचा सगळा भर गुरुत्वाकर्षणावर आहे: मुलाचा पाय स्वतःच्या वजनाला पुरा पडतो का, एवढंच तिथे बघायचं होतं. शून्य म्हणजे काहीच नाही. एक म्हणजे स्नायूवर बोट ठेवलं तर नुसतं फुरफुरणं. दोन म्हणजे गादीवर आडवं सरकवता येतं, उचलता येत नाही. तीन म्हणजे उचलता येतं, पण तू जरा दाबलंस की पडतं. चार म्हणजे तुझ्या दाबाला थोडं तरी टिकतं. पाच म्हणजे पूर्ण.

तीन आणि चार यात घोळ होतो, कारण मुलं पेशंट हलवत असतानाच दाबतात. तसं करू नकोस. आधी त्याला हालचाल पूर्ण करू दे, ‘आता असंच धरा, मी दाबते, सोडू नका’ म्हण आणि हळूहळू दाब वाढव. दोनची पायरी तर बहुतेक जण तपासतच नाहीत. पाय उचलला नाही की थेट एक लिहितात. कुशीवर वळव, खालून आधार दे आणि मग गुडघा सरळ करायला सांग. कितीतरी ‘एक’ तिथे ‘दोन’ निघतात, आणि फिजिओथेरपिस्टच्या दृष्टीने तो जमीन-अस्मानाचा फरक आहे. चारची पायरी फार रुंद आहे, हा या पट्टीचा दोष मानायला हरकत नाही. म्हणून चार लिहिलंस तर पुढे ‘उजव्यापेक्षा कमी’ किंवा ‘दुखल्यामुळे सोडतो’ असंही लिही. गोदीतल्या हमालाचा पाच आणि ऐंशी वर्षांच्या आजीचा पाच एक नसतो. तुलना त्याच माणसाच्या दुसऱ्या हाताशी करायची.

आता ती महागात पडलेली गोष्ट. नोकरीच्या सुरुवातीची वर्षं, मांडीचं हाड मोडलेला एक तरुण, थॉमस स्प्लिंटमध्ये (पायाच्या दोन्ही बाजूंना दांड्या असलेली चौकट), स्किन ट्रॅक्शनवर (कातडीला पट्टी चिकटवून पाय ताणून धरलेला). प्रत्येक शिफ्टला आम्ही विचारायचो, ‘दादा, बोटं हलवा.’ तो हलवायचा. बोटं गुलाबी, गरम, नाडी लागते. आम्ही लिहायचो, ‘एनव्ही इन्टॅक्ट’, म्हणजे नसा आणि रक्तपुरवठा शाबूत. चार दिवस, बारा शिफ्ट, एकच वाक्य, त्यातल्या पाच वेळा माझ्या अक्षरात. पाचव्या दिवशी ट्रॅक्शन बदलताना इन्चार्ज सिस्टरनी त्याला पाऊल वर, तोंडाकडे ओढायला सांगितलं. पाऊल जागचं हललं नाही. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात टोचलेलं त्याला कळत नव्हतं.

झालं होतं असं की पाय बाहेरच्या बाजूला कलला होता आणि गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला जिथे नस हाडाला अगदी लगटून जाते, तिथे स्प्लिंटची दांडी चार दिवस टेकून होती. आणि तो बोटं हलवत होता ती खाली, आत मुडपून. ते काम दुसऱ्याच नसेचं, ती शाबूत होती. आम्ही रोज चांगल्या नसेची परीक्षा घेत होतो आणि मेलेल्या नसेला पास करत होतो. त्याचं पाऊल काही महिन्यांनी बरंचसं परत आलं, दाबाने सुन्न झालेली नस बऱ्याचदा परत येते. पण स्प्लिंट घालून लंगडत ओपीडीत येताना तो मला ‘सिस्टर, बघा, हलतात बोटं’ असं हसून म्हणायचा, तेव्हा मान वर करवत नसे.

तेव्हापासून मी ‘बोटं हलवा’ म्हणणं सोडलंय. पायासाठी दोन सूचना द्यायच्या: पाऊल आणि बोटं वर तोंडाकडे ओढा, आणि मग माझा हात खाली दाबा. स्पर्श पहिल्या बेचक्यात आणि तळव्याला, वेगवेगळा बघायचा. हातासाठी तीन: अंगठा वर करून मनगट मागे वळवा, अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करा, बोटं पसरवा, मी मिटवायचा प्रयत्न करते. तीन सूचनांत तीन नसा झाल्या. प्लास्टरमुळे एखादी हालचाल करताच येत नसेल तर ‘प्लास्टरमुळे तपासता आली नाही’ असं लिही. तेही उत्तरच आहे. नखावर दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत लाली परत यायला हवी. नेलपेंट आणि मेंदी असेल तर बोटाच्या गरावर दाबून बघ.

प्लास्टर ताजं असेल, विशेषतः नडगीचं किंवा कोपराच्या वरचं, तर पहिले एक-दोन दिवस एकाच गोष्टीवर डोळा ठेवायचा. औषध देऊनही दुखणं वाढतंय का? बोटं तू हळूच ताणलीस तर किंचाळतो का? पोटरी दगडासारखी लागते का? मग नाडी लागते म्हणून गप्प बसू नकोस. नाडी अगदी शेवटी जाते. आत दाब वाढून स्नायूचं रक्त तुटलं तर साधारण सहा तासांपासून पुढे झालेलं नुकसान भरून निघत नाही. डॉक्टरांना तिथल्या तिथे फोन, प्लास्टर आणि आतला कापूस त्वचेपर्यंत कापायची तयारी, आणि उशीवर उंच ठेवलेला पाय हृदयाच्या पातळीवर आणायचा, त्याहून वर नाही. ‘पेशंट फार कुरकुर करतो’ असं हँडओव्हरमध्ये ऐकलंस की त्याच खाटेपाशी आधी जा. हाडवैद्याकडून बांबूच्या पट्ट्या घट्ट बांधून आलेला हात दिसला तर पट्टी सोडून बघेपर्यंत दुसरं काहीच करायचं नाही. हाडवैद्याला नावं ठेवत पेशंटच्या आईला रडवायचं नाही, ती घाबरलेलीच असते.

कंबरदुखीचे पेशंट रोजचे, त्यामुळे त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. पाय सरळ ठेवून वर उचलताना तीस ते सत्तर अंशांच्या मध्ये गुडघ्याखाली कळ गेली तर नस दबलीय, हे बहुतेकांना येतं. विचारायचं राहतं ते दुसरंच: लघवी अडते का, नकळत होते का? संडासला बसायच्या जागी बधिर वाटतं का? दोन्ही पायांत जोर कमी झालाय का? लाज वाटेल म्हणून विचारलं नाही आणि पेशंटनेही सांगितलं नाही, तर शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते. संध्याकाळचा ताप, वजन उतरणं आणि मणक्यावर एकाच जागी टोक आलेलं असेल तर मणक्याचा टीबी डोक्यात ठेव. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही.

लहान मुलांचं वेगळं प्रकरण आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. एवढंच सांगते, हाताला धरून उचलल्यानंतर हात हलवेनाशा झालेल्या दोन-तीन वर्षांच्या पोराचं बहुतेक वेळा कोपरातलं हाड निसटलेलं असतं. त्याला झोपवून तपासू नकोस, आईच्या मांडीवरच राहू दे आणि दुसऱ्या बाजूला बिस्किट धरून बघ कुठला हात पुढे येतो.

लिहायचं कसं ते दाखवते. ‘आरओएम नॉर्मल’ ऐवजी: ‘डावा गुडघा स्वतः १० ते ९५ अंश, दुसऱ्याने हलवल्यास ५ ते १०५, शेवटी दुखतं, उजवा ० ते १३५. वाटीवर १० सेंमी मांडीचा घेर डावा ४१, उजवा ४४. डावं पाऊल वर ओढणे ५/५, खाली दाबणे ५/५, पहिल्या बेचक्यात स्पर्श आहे. मांडी घालता येत नाही, संडासला खुर्ची वापरतात.’ चार ओळी. लिहायला दोन मिनिटं लागतात. सगळ्या सांध्यांचं असं लिहायची गरज नाही. ज्या भागाची तक्रार आहे त्याचं आणि त्याच्या वरच्या-खालच्या सांध्याचं लिही, बाकीचं चालणं, उठणं, वळणं यात एका वाक्यात येतं. परीक्षेत मात्र मानेपासून घोट्यापर्यंत सगळं म्हणून दाखव, तिथे त्याचेच मार्क आहेत.

टेप शिंप्याकडची जुनी घेऊ नकोस, ती वापरून वापरून ताणलेली असते आणि दोन सेंटिमीटर आपल्या मनाने घालवते. नवी, न ताणणारी घे. खूण करायला मार्कर पेनही लागेल. वॉर्डात पेन टिकत नाही, दोन आण.